मुलगी २ वर्षांची आहे, शिक्षणासाठी आत्तापासून पैसे साठवावेत का वेळ आली की लोन घ्यावं?

माझ्या मते आत्तापासूनच, रक्कम कितीही छोटी असू दे, कारण या खर्चाची तारीख पुढे ढकलता येत नाही. घर दोन वर्षं उशिरा घेता येतं, गाडी घ्यायचीच नाही असं पण ठरवता येतं, पण पोरगी १८ ची झाली की अॅडमिशन तेव्हाच घ्यावी लागते.

हिशोब बघा. वर्षाला सरासरी ८ टक्के परतावा धरला आणि दरमहा १०० टाकले तर १६ वर्षांत तुम्ही भरता १९,२०० आणि होतात साधारण ३८,७००. तेच ती १० वर्षांची झाल्यावर सुरू केलं तर तेवढेच जमवायला दरमहा २९० च्या आसपास लागतात, म्हणजे वेळ निम्मा आणि हप्ता जवळजवळ तिप्पट. १०० च्या जागी तुमचा आकडा टाका, प्रमाण तेच राहतं.

दुसरं म्हणजे आजची फी बघून टार्गेट ठरवू नका, बरेच जण इथेच फसतात. खर्च वर्षाला ६ टक्क्यांनी वाढला तर १६ वर्षांत अडीच पट होतो, ८ टक्क्यांनी वाढला तर जवळपास साडेतीन पट, आणि त्यात राहणं, जेवण, पुस्तकं, लॅपटॉप, प्रवास हे सगळं पण धरायचं, नुसती फी नाही.

पैसे कुठे ठेवायचे तर सुरुवातीची वर्षं इंडेक्स फंडासारख्या (म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांत थोडे थोडे पैसे घालणारा फंड) ठिकाणी चालतं, चढउतार पचवायला वेळ असतो. पण शेवटच्या ३-४ वर्षांत थोडे थोडे काढून सुरक्षित ठेवीत आणा, आणि बाजार जोरात असला तरी आणा. २००८ च्या मंदीत २००९ च्या सुरुवातीपर्यंत जगातले बरेच शेअर बाजार आधीच्या उच्चांकावरून साधारण निम्म्यावर आले होते, आणि पैसे निम्मे झाले की परत तिथे यायला ते दुप्पट व्हावे लागतात. ज्याची फी त्याच वर्षी भरायची होती त्याने काय करायचं? म्हणून या मुद्द्यावर मी फार आग्रही आहे.

घरात कमावणारं जे कोणी आहे त्याचा टर्म इन्शुरन्स (ठरलेल्या वर्षांत तो माणूस गेला तर घरच्यांना रक्कम देणारा साधा विमा) आधी काढा, तो नसेल तर वरचा सगळा हिशोब एका वाईट दिवसात संपतो. बचत आणि विमा एकत्र असलेल्या पॉलिसी मी घेत नाही, मध्येच बंद केल्या तर बऱ्याचदा भरलेल्यापेक्षा कमी हातात येतं.

लोन वाईट नाहीये, कमी पडतील तेवढ्यापुरतं घ्या की. पण रिटायरमेंटच्या पैशाला हात लावून फी भरू नका, पुढे तुमचाच खर्च तिच्यावर येतो आणि तेव्हा तिची नोकरी नुकती कुठे लागलेली असते.

यासाठी खातं वेगळं ठेवा, पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप कट होऊ दे, पगार वाढला की हप्ता पण त्याच महिन्यात वाढवा. आणि ती १४-१५ ची झाली की तिला स्पष्ट सांगा किती जमलेत. आमच्या मोठ्याला आम्ही सांगितलं, तेव्हापासून तो कोर्स शोधताना फी आणि स्कॉलरशिपच्या तारखा स्वतःच काढून दाखवतो.