एवढं पाणी पिऊनही संसर्ग का उलटतो?

प्रश्न : उन्हाळ्यात रोज तीन लिटर पाणी पिते, तरी लघवीचा संसर्ग उलटतोच. कल्चरमध्ये (लघवीतले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत) दर वेळी ई. कोलाय हेच जंतू. इतक्या पाण्यानं जंतू वाहून कसे जात नाहीत? मैत्रीण मॅनोजची पावडर सुचवते आहे, घेऊ का?
— एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : हे जंतू नुसते तरंगत नाहीत, धरून बसतात. त्यांच्या अंगावर जेमतेम ७ नॅनोमीटर जाडीचे तंतू असतात आणि प्रत्येक तंतूच्या टोकाला फिमएच हे प्रथिन. मूत्राशयाच्या अस्तरावरच्या युरोप्लाकिन प्रथिनांना मॅनोज ही साखर जोडलेली असते. फिमएच नेमकी तीच पकडतं.

गंमत पुढेच आहे. धारेनं जंतू ओढला गेला की फिमएचचे दोन भाग एकमेकांपासून ताणले जातात आणि साखर धरणारा खळगा आवळतो. म्हणजे ओढ वाढली की पकड घट्ट, धार थांबली की सैल. शिवाय तंतू स्प्रिंगसारखा उलगडून हिसका पचवतो. काही जंतू तर पेशीच्या आतच शिरतात, आणि औषधाचा कोर्स संपल्यावर पुन्हा डोकं वर काढतात.

तरी पाणी वाया जात नाही. न चिकटलेले जंतू धुऊन निघतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वारंवार संसर्ग होणाऱ्या १४० स्त्रिया होत्या. रोज दीड लिटर जादा पाणी पिणाऱ्यांना वर्षात सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, इतरींना ३.२ वेळा. पण त्या सगळ्या मुळात कमी पाणी पिणाऱ्या होत्या. तुम्ही तीनाचे पाच लिटर करून तेवढा फायदा होईल, असं धरून चालू नका.

मॅनोजमागचा तर्क बिनचूक आहे : फिमएचला खोटी साखर देऊन गुंतवायचं. प्रत्यक्षात २०२४ च्या ब्रिटनमधल्या चाचणीत ५९८ स्त्रियांना सहा महिने रोज २ ग्रॅम मॅनोज किंवा दुसरी साखर दिली. फरक पडला नाही. पैसे वाचवा.

त्यापेक्षा कल्चरसाठी लघवीचा नमुना नीट द्या. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी, पहिली धार सोडून मधली, निर्जंतुक डबीत. दोन तासांत लॅबमध्ये पोचवा. मे महिन्यात स्कूटीच्या डिकीत डबी राहिली तर जंतू तिथेच वाढतात आणि अहवालातला आकडा फुगतो. उशीर होणारच असेल तर फ्रीजमध्ये ठेवा, तेही २४ तासांच्या आत.

थंडी वाजून ताप किंवा कुशीत दुखणं सुरू झालं तर प्रकरण मूत्रपिंडापर्यंत गेलेलं असू शकतं. तिथे साखर वेगळी आणि जंतूचं पकडणारं प्रथिनही वेगळं, पॅपजी. अशा वेळी कल्चरची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.