वाहन सल्ला: जुन्या एसयूव्हीत दुसऱ्या सालचं इंजिन

प्रश्न: माझी स्कॉर्पिओ एमहॉक (म्हणजे महिंद्राचं डिझेल इंजिन) २०१० ची, पुणे पासिंग. खंबाटकी चढताना कुलंटचा होस फुटला, काटा लाल झाला तरी गाडी तशीच रेटली आणि इंजिन जाम झालं. कुर्ल्यात २०१३ च्या गाडीचं इंजिन मिळतंय. विकणारा म्हणतो, ‘एमहॉकच्या जागी एमहॉक, सरळ बसतं.’ घेऊ का? (एक वाचक, धायरी)

उत्तर: बसेल. पण बसणं वेगळं आणि चालणं वेगळं, आणि नुसतं साल बघून यातलं काहीच ठरत नाही. पुणे आणि सोलापूर ही बीएस-४ (गाडीच्या धुराची सरकारी मर्यादा, म्हणजेच नॉर्म) लागू झालेल्या पहिल्या तेरा शहरांत होती, एप्रिल २०१० पासून. देशभर ते १ एप्रिल २०१७ ला लागू झालं. त्यामुळे २०१० च्या उत्तरार्धात पुण्यात पासिंग झालेली गाडी बीएस-४ असू शकते आणि नांदेडकडची २०१३ ची गाडी बीएस-३. आधी दोन्ही गाड्यांचा नॉर्म आरसीवर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपवर बघा. मग इसीएमच्या (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या) लेबलवरचा आणि इंजेक्टरवरचा (डिझेलचा फवारा मारणाऱ्या भागावरचा) पार्ट नंबर जुळवा.

नॉर्म एकच असेल तर फक्त लाँग ब्लॉक घ्या: ब्लॉक, क्रँक, पिस्टन, हेड, टायमिंग चेन. बाहेरचं सगळं स्वतःच्या गाडीचं चढवा. टर्बो, इजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप), इनटेक मॅनिफोल्ड, रेल (इंजेक्टरना डिझेल पुरवणारी नळी), हाय प्रेशर पंप, इंजेक्टर, सगळे सेन्सर, फाउंडेशनचे (इंजिन चासीवर टेकवणारे) ब्रॅकेट आणि ऑइल चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) सुद्धा. तुमचा इसीएम याच सामानाला ओळखतो. इंजेक्टर काढताना त्यांच्यावर १ ते ४ आकडे रंगवा आणि त्याच क्रमाने बसवा, म्हणजे कोड नव्याने भरावे लागत नाहीत. क्रम बदलला किंवा दुसरे इंजेक्टर घातले, तर डोक्यावर छापलेला प्रत्येकाचा कोड स्कॅनरने इसीएममध्ये भरावाच लागतो. नाहीतर आयडलला (रेस न देता) इंजिन हलतं आणि ठोके ऐकू येतात. इंजेक्टरखालचे तांब्याचे वॉशर मात्र नवेच घ्या, जुने परत दाबले की गळतात आणि भोवती काळा कार्बन साचतो.

नॉर्म वेगळा असेल तर हा मार्ग सोडा. पिस्टनच्या डोक्यावरची वाटी आणि इंजेक्टरच्या फवाऱ्याचा कोन जोडीने ठरवलेले असतात. एकाचा पिस्टन आणि दुसऱ्याचा इंजेक्टर घेतला तर गाडी चालू होते, पण चढावर काळा धूर काढते आणि पीयूसीला अडकते. अशा वेळी इसीएम, वायरिंग आणि चाव्यांसकट अख्खा संच घ्यावा लागतो. ते काम जमणारी गॅरेजं मोजकी आणि खर्च मोठा, म्हणून आम्ही सहसा जुळणारं इंजिन शोधायलाच सांगतो.

दुकानात काय बघाल? पुलीच्या बोल्टला सॉकेट लावून इंजिन फिरण्याच्या दिशेने हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. कुठेही अडकता कामा नये. टॅपेट कव्हर उघडून आत काळा गाळ आहे का बघा. ग्लो प्लगच्या भोकातून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्यायला लावा, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत १० टक्क्यांहून अधिक फरक नको. जमिनीवर चालू करून दाखवत असतील तर गरम झाल्यावर ऑइलचं झाकण काढा. तिथून धुराचे भपकारे आले तर ते बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला गॅस पिस्टनच्या कडेने खाली निसटतोय. असं इंजिन कितीही स्वस्त मिळालं तरी नको.

इंजिन बाहेर आहे तोवर मागचं क्रँक सील बदला आणि बेलहाउसिंगच्या (गिअरबॉक्सचा इंजिनाला जोडला जाणारा भाग) बाजूचे कोअर प्लग (ब्लॉकमधल्या कुलंटच्या भोकांवरच्या टोप्या) तपासा. नंतर त्यासाठी गिअरबॉक्स परत उतरवावा लागतो. फ्लायव्हील (क्रँकच्या मागचं जड चाक) स्वतःचंच घ्या, कारण क्रँक सेन्सर ज्या दातांवर नजर ठेवतो त्यांची संख्या आणि जागा जुळली पाहिजे. फ्लायव्हीलचे बोल्ट नवे, टॉर्क (आवळण्याचा जोर) मॅन्युअलप्रमाणे.

सगळ्यांत जास्त विसरली जाणारी वस्तू म्हणजे ब्लॉक आणि बेलहाउसिंग यांच्यामधल्या, दोन्हींची जागा अचूक धरणाऱ्या दोन डॉवेल पिना. त्या जुन्या ब्लॉकमध्येच अडकून राहतात आणि भंगारात जातात. पिना नसल्या की गिअरबॉक्स केसभर बाजूला बसतो, क्लच सोडताना गाडी थरथरते आणि मेकॅनिक क्लचप्लेटला दोष देत बसतो. बेलहाउसिंग हाताने ढकलून ब्लॉकला पूर्ण टेकलं पाहिजे. फट राहिली म्हणून बोल्टने ओढून घेतलं की क्लचप्लेटची डिश वाकते.

जुनं इंजिन जाम झालं तेव्हा आत धातूचा भुगा झाला, असं धरूनच चाला. ऑइल कूलर धुऊन साफ होत नाही, नवा घाला. इंटरकूलर (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारी जाळी) आणि त्याचे पाइप उतरवून धुवा, पूर्ण वाळवा. इंटरकूलरमध्ये ऑइल साचलेलं राहिलं तर इंजिन तेच ओढून जाळतं, आपोआप रेस होतं आणि चावी काढली तरी थांबत नाही. रेडिएटर रॉडिंग करून (आतल्या नळ्या सळईने साफ करून) घ्या किंवा बदला, व्हिस्कस फॅन (रेडिएटरमागचा, गरम झाल्यावर जोरात फिरणारा पंखा) तपासा, सगळे होस नवे घाला. नवं इंजिन महिन्याभरात परत गरम झालं, अशा बहुतेक तक्रारींचं मूळ हा वाचवलेला रेडिएटर असतो.

पहिल्यांदा चालू करताना टर्बोच्या फीड पाइपमध्ये ताजं ऑइल ओता. इंजेक्टरचे कनेक्टर काढून दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, मध्ये मिनिटभर थांबा. ऑइलचा दिवा विझला की मगच कनेक्टर जोडा. चालू झाल्यावर काही मिनिटं रेस देऊ नका. हीटर गरमवर ठेवून कुलंटमधली हवा काढा. नंतर कात्रजच्या जुन्या घाटात स्कॅनर लावून तापमान बघत एक चक्कर मारा. पहिलं ऑइल आणि फिल्टर हजार किलोमीटरच्या आतच बदला.

प्रश्न: इंजिन बदलल्यावर सेल्फ फिरतो, गाडी चालू होत नाही. स्कॅनरवर एकही एरर नाही. (एक वाचक, चिंचवड)

उत्तर: एरर सोडा, लाइव्ह डेटा बघा. सेल्फ मारताना आरपीएम शून्य दिसला तर क्रँक सेन्सर, त्याची फट किंवा चुकीचं फ्लायव्हील. आरपीएम दिसतो पण रेल प्रेशर साधारण २०० बारपर्यंत चढत नाही, तर डिझेल लाइनमध्ये हवा आहे किंवा एखादा इंजेक्टर रिटर्नला जास्त सोडतोय. चारही रिटर्न नळ्या बाटल्यांत सोडून तुलना करा. दोन्ही ठीक असेल तर कॅम-क्रँक सिंक (दोन्ही शाफ्टच्या सेन्सरचा मेळ) आणि इमोबिलायझरचा (चावी ओळखणाऱ्या चोरीरोधक यंत्रणेचा) दिवा बघा. दुसऱ्या गाडीचा इसीएम घातला असेल तर तो तुमची चावी ओळखणार नाही.

सेल्फ जड फिरत असेल तर आधी इंजिन ते चासीची अर्थिंगची पट्टी लावली आहे का बघा. ती राहिली की करंट क्लचच्या किंवा गिअरच्या केबलमधून वाट काढतो. केबल गरम लागली तर दोष तिथेच.

प्रश्न: आरटीओला कळवावं लागतं का? ब्लॉकवरचा नंबर कोण बघतो? (एक वाचक, हडपसर)

उत्तर: पंधरा वर्षांनी पासिंगला गाडी नेता तेव्हा इन्स्पेक्टर बघतो, चोरीच्या तपासात पोलीस बघतात आणि मोठा क्लेम आला की विम्याचा सर्व्हेअर बघतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ याच बदलांबद्दल आहे. संगम पुलाजवळच्या कार्यालयात काम सुरू करण्याआधीच अर्ज द्या. इंजिनाचं बिल, ज्या गाडीतून ते निघालं तिच्या आरसीची प्रत किंवा भंगाराचा दाखला, विमा, पीयूसी सोबत लागेल. कर्ज चालू असेल तर बँकेचं पत्रही. पैसे देण्याआधी इंजिन नंबर एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) ‘वाहन समन्वय’ या चोरीच्या गाड्यांच्या ऑनलाइन नोंदीत तपासा. नंबर घासलेला किंवा नव्याने ठोकलेला वाटला तर व्यवहार तिथेच सोडा, मग बिल कितीही पक्कं असो. आरसीत नवा नंबर चढल्यावर विमा कंपनीकडून पॉलिसीतही बदलून घ्या.

प्रश्न: स्कॉर्पिओत एक्सयूव्ही ५०० चं १४० बीएचपीचं इंजिन बसेल का? तेही एमहॉकच आहे. (एक वाचक, वाघोली)

उत्तर: नको. ते इंजिन पुढच्या चाकांसाठी आडवं बसवलेलं आहे, तुमचं उभं. चेंबर, फाउंडेशन, पाइपिंग, गिअरबॉक्सची जोडणी सगळं वेगळं. आतले सुटे भाग जुळतील म्हणून कुणी ते विकत असेल, तर आधी पार्ट नंबर लिहून मागा.