प्रकाश-उत्प्रेरक : उत्प्रेरक नक्की कोण, उजेड की पावडर?

एकांनी विचारलंय की फोटोकॅटॅलिस्टला मराठीत ‘प्रकाश-उत्प्रेरक’ म्हणतात, म्हणजे प्रकाश हाच उत्प्रेरक ना?

नाही हो. हाच घोळ आमच्या घरी झालेला. भाच्यानं एमेस्सीच्या सेमिनारला विषय घेतला, कीटकनाशक मिसळलेलं पाणी उजेडावर साफ करायचं, तर त्याचे वडील म्हणजे आमचे दाजी, सांगोल्याकडं डाळिंब आहे त्यांचं, ते म्हणाले “म्हंजी ऊनच औषध खातंय म्हणा की, मग सोलापुरात काय उनाला तोटाय?” (फवारायच्या विषाला आपण औषध का म्हणतो हा वेगळाच विषय.)

तर उत्प्रेरक म्हणजे काम घडवून आणतो पण स्वतः खर्च होत नाही तो. इथं तो म्हणजे पांढरी पावडर, बऱ्याचदा टायटॅनियम डायऑक्साइड, रंगाच्या डब्यात असतं तेच. उजेड मात्र खर्च होतो, पावडर तो शोषते, त्यातनं पाण्यात हायड्रॉक्सिल रॅडिकल (कशालाही लगेच भिडणारे, फार क्रियाशील कण) तयार होतात आणि ते कीटकनाशकाचे रेणू फोडतात. त्यातही या पावडरीला साधारण ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा अतिनील उजेडच लागतो, तो उन्हात जेमतेम ४-५ टक्के, म्हणून दाजींचा हिशोब तिथंही चुकला.

घोळ समासाचा आहे. शेंगापोळी म्हणजे शेंगाच पोळी नव्हे, शेंगदाण्याचं सारण भरून केलेली पोळी, मधलं गाळलेलं आपल्याला माहीत असतं कारण आपण ती खाल्लेली असते. पवनचक्कीचंही तसंच. पण ‘धातू-उत्प्रेरक’मध्ये धातू हाच उत्प्रेरक असतो, त्यामुळं नवीन माणूस ‘प्रकाश-उत्प्रेरक’ही त्याच चालीवर वाचणार, त्याची काय चूक? आणि संधी करून ‘प्रकाशोत्प्रेरक’ लिहिलं की जोडच दिसत नाही, ते तर मला अजिबात पटत नाही. मी ‘प्रकाशचालित उत्प्रेरक’ लिहीन, लांब झालं तर होऊ दे.

जाता जाता, ‘विघटन’ पण जपून वापरा. विघटन म्हणजे नुसतं तुटणं, क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकाचा ऑक्सॉन (त्यातल्या गंधकाच्या जागी ऑक्सिजन आलेलं रूप) झाला तरी ते विघटनच, आणि तो मूळ औषधापेक्षा जास्त विषारी असतो! पार कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि साधे क्षार उरले तरच ‘खनिजीकरण’ म्हणायचं. भाच्याला तेवढा एक शब्द मी मथळ्यात बदलायला लावला.