जायचं तर परतीची सोय आधी

प्रश्न : मी मूळची सांगलीची, आयर्लंडमधल्या गॉलवेत नर्स आहे. वॉर्डातली माझी मैत्रीण आयरिश, २६ वर्षांची, मेयो काउंटीतल्या बेलमलेटकडची. तिचा भाऊ आधीच ऑस्ट्रेलियात पर्थला गेलाय, आता तिलाही तिकडे नोकरी मिळतेय. वडिलांच्या मेंढ्या आहेत. आई काहीच बोलत नाही, नुसता चहा पुढे करते. ‘तूही घर सोडून आलीस, तूच सांग,’ असं ती मला म्हणते. काय सांगू?

उत्तर : जा म्हणावं. मी डब्लिनमध्ये संसार केलाय, त्या आईचं गप्प बसणं मला कळतं. १८४५पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंडमध्ये सुमारे १० लाख माणसं मेली, तेवढीच देश सोडून गेली. मेयो तर पार होरपळलं. १८४१ साली अख्ख्या बेटावर ८० लाखांहून जास्त लोक होते. तो आकडा आजही गाठलेला नाही. अमेरिकेला निघालेल्या पोरीच्या घरी आदल्या रात्री शेजारीपाजारी जमत आणि मयताच्या घरी जागतात तसे रात्रभर जागत. पुन्हा भेट नाही, हे सगळ्यांना ठाऊक असायचं. ती धास्ती अशी सहज जात नाही, त्यात एक पोरगा गेलेलाच आहे.

पण तुमची मैत्रीण उपाशी नाही, बेकारही नाही. २००८च्या मंदीनंतर पोरं गेली ती काम नव्हतं म्हणून. आताची नड घराची आहे. पगाराचा मोठा वाटा खोलीच्या भाड्यात जातो; तिशीला टेकलेली मुलं आईवडिलांकडेच राहतात. यात तिचा काय दोष? मन मारून राहिली, तर तो राग पुढे आईवरच निघेल.

मात्र राजीनामा देऊ नये. सरकारी रुग्णालयात कायम असेल तर बिनपगारी करिअर ब्रेक मागावा, नर्सिंग बोर्डाची नोंदणी चालू ठेवावी. तिकडे गाडी चालवली तर क्लेम नसल्याचं विमा कंपनीचं पत्र जपून आणावं. परतलेल्यांना मोटार विम्याचा जबर भुर्दंड बसतो, आणि बेलमलेटला गाडीशिवाय पान हलत नाही.

आईला बोलतं करायच्या भरीस पडू नका. मैत्रिणीला वडिलांशी बोलू दे, तेही मेंढ्यांबद्दल. वसंतात मेंढ्या वितात तेव्हा रात्रीअपरात्री उठायला कोण आहे? शेजारी? चुलतभाऊ? की कळपच कमी करायचा? हे ठरल्याशिवाय तिकीट काढू नये. आणि पहिली सुट्टी नाताळात घेऊ नये, तेव्हा तिकिटं महाग असतात. एप्रिलमध्ये यावं. वडिलांना मदतीला माणूस लागतो तो तेव्हाच.