साबण नंतर, आधी पाणी-हेक्झेनचा आकडा जुळव

बेळगाव

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

पाणी आणि तेलाच्या सीमेवर साबणाचे रेणू कसे उभे राहतात हे तुला कॉम्प्युटरवर बघायचं आहे. विषय चांगला आहे, पण साबण सध्या बाजूला ठेव. तेलाच्या जागी हेक्झेन घे, आणि नुसत्या पाणी-हेक्झेनचा आंतरपृष्ठीय ताण, म्हणजे दोघांमधली सीमा आखडायला बघते तो जोर, आधी काढ. प्रयोगात तो २५ अंशांना ५० मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास मिळतो. तुझा आकडा तिथं पोचत नसेल, तर साबणानं ताण किती उतरवला हे कशाच्या जोरावर सांगणार?

कॉम्प्युटरमध्ये रेणू ज्यात ठेवायचे त्या पेटीचा पाया ५ बाय ५ नॅनोमीटर घे आणि दोन्ही द्रवांचे थर ५-५ नॅनोमीटर जाडीचे. पाण्याचे साधारण ४,१८० रेणू लागतील, हेक्झेनचे ५७०. एसपीसी/ई पाणी (तीन बिंदूंचं पाण्याच्या रेणूचं मॉडेल) घेतलंस तर सगळे मिळून २४ हजार अणू होतात. थर पातळ ठेवलास तर मधल्या भागातलं पाणीही पाण्यासारखं वागत नाही, दोन्ही सीमांचा परिणाम तिथवर पोचतो. हो, सीमा दोन असतात. पेटी चहूकडून स्वतःलाच जोडलेली असल्यामुळे पाण्याच्या वरही तेल आणि खालीही तेल.

खरी गडबड दाबात होते. ऊर्जा उतरवून, १०० पिकोसेकंद तापमान बसवून झालं की दाब लाव, पण फक्त झेड दिशेनं, म्हणजे सीमेला काटकोनात. ग्रोमॅक्समध्ये (रेणूंची हालचाल काढणारा प्रोग्रॅम) सेमीआयसोट्रॉपिक, म्हणजे झेड आणि एक्स-वायला वेगळा दाब, हा पर्याय निवड आणि एक्स-वायची कॉम्प्रेसिबिलिटी (दबण्याची मुभा) शून्य ठेव. ती शून्य नसली की ताण सीमेचं क्षेत्रफळ आखडून घेतो, पेटी पेन्सिलीसारखी लांबत जाते आणि रुंदी कटऑफच्या (अणूंमधलं बल ज्या अंतरापर्यंत थेट मोजतात त्याच्या) दुपटीखाली गेली की रन बंद पडतो. एरर वाचून बरेच जण कटऑफच कमी करतात. त्यानं रन चालतो, मूळ चूक तशीच राहते. ५ नॅनोसेकंदांनंतर थरांच्या मध्यावरची घनता तपास: पाणी ९९७ आणि हेक्झेन ६५५ किलो प्रति घनमीटरच्या जवळ हवं. मग झेडची सरासरी लांबी धरून पेटी कायम कर आणि ५० नॅनोसेकंदांचा मुख्य रन लाव.

कटऑफपलीकडच्या आकर्षणाची सरसकट भर घालणारं डिस्पर्शन करेक्शन वापरू नको. ते सगळीकडे घनता सारखी आहे असं गृहीत धरतं, आणि तुझ्या पेटीत ती तशी नाही. एलजे-पीएमई ही पद्धत ते लांबचं आकर्षण प्रत्यक्ष मोजते; वेळ जास्त खाते, तरी तीच घे. ओपीएलएस फोर्सफील्डचा (अणूंमधल्या बलांच्या आकड्यांचा संच) मिश्रण-नियम, म्हणजे दोन वेगळ्या अणूंमधलं बल ठरवायची रीत, भूमितीय असल्यामुळे ती त्याच्याशी नीट जुळतेही.

आता हिशेब. उभा (झेड दिशेचा) दाब वजा आडवा (एक्स-वायचा) दाब, गुणिले पेटीची उंची, भागिले दोन. १० नॅनोमीटरच्या पेटीत ५० चा ताण म्हणजे दाबातला फरक जेमतेम १०० बार, आणि क्षणोक्षणी दाब हलतो शेकडो बारनी. म्हणून ५ नॅनोसेकंदांच्या तुकड्यांची सरासरी वेगवेगळी काढ आणि त्यांच्यातल्या फरकावरून चूक-मर्यादा दे. ग्रोमॅक्स जो आकडा देतं तो दोन्ही सीमांचा, तोही बार-नॅनोमीटरमध्ये. १,००० आला तर दोननं भाग, मग दहानं: ५०. शेवटी नेमका १०० मिळाला तर दोननं भागायचं राहिलंय असं समज.

घनतेचा आलेख काढताना पाण्याचा थर प्रत्येक फ्रेममध्ये मध्यावर आण. रन चालू असताना थर हळूहळू सरकतात, आणि तसं न करता सरासरी काढलीस तर सीमा आहे त्याहून जाड दिसते. मध्यावर आणूनही ती थोडी पसरट राहील. ती केशिका-लहरींची, म्हणजे उष्णतेमुळे सीमेवर उठणाऱ्या बारीक लहरींची करामत, आणि पाया मोठा केलास की ती वाढते. म्हणून पायाचं माप न सांगता सीमेची जाडी लिहू नको.

खानापूरकडे पावसाळ्यात लाईट जायचीच. चेकपॉइंट, म्हणजे रन कुठवर आला त्याची नोंद, दर १५ मिनिटांनी आपोआप लिहिला जातो. तो ५ मिनिटांवर आण आणि लाईट आल्यावर त्याच फाइलवरून पुढे चालव, पहिल्यापासून नको.

आलेख राहू देत, एमडीपी फाइल (रनच्या सेटिंग्जची) आणि एनर्जी फाइल (दाब-ऊर्जेच्या नोंदींची) तेवढी पाठव.

तुझा शुभचिंतक