जानेवारीतला गोल्फ बघण्यात काही अर्थ आहे का? माझ्या मते तिथूनच सुरुवात करावी

तुम्ही विचारलंय की मेजर म्हणजे वर्षातल्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धा तर एप्रिलमधे मास्टर्सपासून सुरू होतात, मग जानेवारीत पीजीए टूरचा (अमेरिकेतली मुख्य व्यावसायिक स्पर्धांची मालिका) सीझन हवाईत सुरू होतो तो कशाला बघायचा, कोण जिंकलं ते नंतर वाचलं तरी चालतंय की. मी लातूरचा. इकडं माझ्या आसपास कुठं गोल्फ कोर्स नाही, जे काही बघितलं ते टीव्ही आणि मोबाईलवरच, पण माझ्यासाठी वर्षातले सगळ्यात भारी आठवडे हेच.

वेळेचं आधी सांगतो. हवाई आपल्यापेक्षा साडेपंधरा तास मागं आहे, त्यामुळं तिथली रविवार दुपारची शेवटची राउंड आपल्याकडं सोमवारी पहाटे येते. आमच्याकडं त्या दिवसात अंगात स्वेटर, बाहेर अजून अंधार, आणि स्क्रीनवर समुद्र, ऊन, मधेच कॅमेरा पाण्यात उडी मारणाऱ्या देवमाशांवर जातो. सहा-साडेसहापर्यंत निकाल लागतो, बरोबरी होऊन प्लेऑफ झाला तर अजून उशीर, मग आंघोळ करून कामाला जायचं.

आता खेळाचं. 1999 पासून सीझनची पहिली स्पर्धा माउई बेटावर कापालुआच्या प्लांटेशन कोर्सवर व्हायची (मधली काही वर्षं टूरने सीझन आदल्या वर्षीच सुरू करून बघितला, 2024 पासून परत जानेवारीवर आले). हा कोर्स डोंगराच्या उतारावर आहे, फेअरवे (चेंडू मारायची गवताची पट्टी) एवढे रुंद की नवीन माणसाला वाटतं इथं काय चुकणार. पण वारा सुटला की सगळं हिशोबाचं काम होतं, कारण चेंडू कुठं मारला यापेक्षा पडल्यावर उतारावरून किती घरंगळत जाईल हे आधी ओळखावं लागतं. 2018 साली डस्टिन जॉन्सननं 12 व्या होलवर टी वरून (होलच्या सुरुवातीच्या जागेवरून) ड्राइव्ह म्हणजे पहिला लांब फटका मारला, होल 433 यार्डांचा, चेंडू उताराला लागला आणि पळतच राहिला, ग्रीनवर (झेंड्याभोवतीच्या बारीक गवतावर) आला, झेंड्याकडं निघाला आणि होलपासून अवघे सहा इंच अलीकडं थांबला. पार फोरवर, म्हणजे चार फटक्यांत संपवणं अपेक्षित असलेल्या होलवर! तो शॉट मी कितीदा बघितला असेल, दरवेळी वाटतं आता जाईलच आत. आणि 2025 मधे हिदेकी मात्सुयामानं इथंच 35 अंडर (पारपेक्षा 35 फटके कमी) मारला, पारच्या हिशोबात 72 होल्सचा (चार दिवस, रोज 18) टूरवरचा तो विक्रम, त्याआधीचा 34 अंडरचा पण इथलाच, 2022 चा कॅमरन स्मिथचा. लोक म्हणतात एवढे बर्डी (होलवर पारपेक्षा एक फटका कमी) म्हणजे कोर्स सोपा. मला नाही पटत. वारा पडलेला असतो त्या आठवड्यात असं होतं, वारा असला की तेच खेळाडू वेगळे दिसतात.

पण 2026 ला ही स्पर्धा झालीच नाही आणि तुम्ही नव्याने बघायलात म्हणून हे मुद्दाम सांगतो. कारण पाणी. माउईवर दुष्काळ, पाणी वापरावर कडक बंधनं, गवत वाळलं, सप्टेंबर 2025 मधे टूरनं जाहीर केलं की कापालुआत खेळता येणार नाही आणि पुढच्या महिन्यात स्पर्धाच रद्द केली. 2 कोटी डॉलर बक्षिसाची स्पर्धा. त्यामागं वाद पण आहे, होनोकोहाऊ ओढ्यावरून येणारा जुना पाट आहे, कोर्सचे मालक आणि तिथले काही रहिवासी, शेतकरी कोर्टात गेले की पाट सांभाळणाऱ्या कंपनीनं देखभाल केली नाही म्हणून पाणी मिळेना, कंपनी म्हणते ओढ्यालाच पाणी नाही. हे वाचताना मला काही परकं वाटलंच नाही. पाटाचं पाणी, वरच्यानं सोडलं का नाही, टेलला पोचलं का नाही, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. 2016 च्या एप्रिलमधे मांजरा धरण कोरडं पडलं आणि आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या फेरीत 5 लाख लिटर. घागरी घेऊन उभं राहिलेल्या माणसाला विचारा, ग्रीन हिरवं ठेवायला पाणी द्यायचं का. कापालुआ माझा सगळ्यात लाडका कोर्स, पहिला आठवडा सुना गेला याचं खरंच वाईट वाटलं, तरी ज्या बेटावर लोकांना पाणी जपून वापरा म्हणायलेत तिथं स्पर्धेसाठी वेगळा नियम नको होता, रद्द झाली ते बरोबरच झालं.

त्यामुळं 2026 चा सीझन सोनी ओपननं सुरू झाला, होनोलुलूचा वायलाए कोर्स. हा एकदम उलटा, सपाट, अरुंद, नारळाची झाडं, पार 70. इथं लांब मारणाऱ्याला फार फायदा नाही, दुसरा शॉट अचूक पाहिजे. जस्टिन थॉमसनं 2017 ला इथं पहिल्याच दिवशी 59 मारला होता, म्हणजे 18 होल्स 59 फटक्यांत. जानेवारीत बघायचं काय तर हेच, सुट्टीत कोणी स्विंग बदलला, कोणी पटर (ग्रीनवर वापरायची काठी) बदलला, कोण वाऱ्यात चेंडू खाली ठेवतोय. मास्टर्सला सगळ्यांचं लक्ष विजेत्याच्या हिरव्या जॅकेटवर असतं, तिथं हे निवांत बघायला मिळत नाही.

आणि पहाटे उठणं जमणार नसेल तर दुबई डेझर्ट क्लासिक बघा, ती पण जानेवारीतच, डीपी वर्ल्ड टूरची, म्हणजे युरोपच्या टूरची. दुबई आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागं, संध्याकाळच्या चहाच्या टायमाला शेवटचे होल्स चालू असतात. रोरी मॅकिलरॉयचं पहिलं व्यावसायिक विजेतेपद 2009 ला इथलंच, नंतर 2015, 2023 आणि 2024 ला पण जिंकला. पहिल्याच वर्षी चारही दिवस बघायच्या नादी लागू नका, रविवारचे शेवटचे नऊ होल्स बघा, एकच खेळाडू धरा आणि त्याच्यामागं रहा.