शब्दशंका : तारेवरची कसरत

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. ‘तारेवरची कसरत करणे’ या वाक्प्रचाराचा उपयोग करताना एका विद्यार्थिनीने लिहिले, ‘आजीने एकटीने पाचशे लाडू वळले, ती तारेवरची कसरतच होती.’ ‘फार कष्टाचे काम करणे’ हा अर्थ तिने मार्गदर्शकातून घेतला होता. या वाक्याला गुण द्यावेत का? ‘तारांबळ’ या शब्दात हीच तार आहे का?

उत्तर : दुसरी शंका आधी दूर करतो. ‘तारांबळ’ या शब्दाचा या तारेशी संबंध नाही. मंगलाष्टकांच्या शेवटी ‘ताराबलं चंद्रबलं तदेव’ हे शब्द कानी पडताच मांडवात जी धावपळ उडते, तीवरून तो आल्याचे सांगितले जाते.

तारेवरच्या कसरतीची तार मात्र सर्कशीच्या तंबूतली आहे. आपल्याकडे डोंबारी दोरावर चालत आलेच होते. पण विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये पहिली भारतीय सर्कस उभी केली आणि पुढे अशा सर्कशी गावोगावी फिरू लागल्या, तेव्हा ताणलेल्या पोलादी तारेवरचा खेळ मराठी माणसाच्या चांगलाच ओळखीचा झाला. ‘कसरत’ हा शब्द अरबी मुळाचा. विपुलता हा त्याचा मूळ अर्थ, आणि पुन्हा पुन्हा करून अंगवळणी पाडलेला व्यायाम हा अर्थ त्यातून पुढे आला.

लाक्षणिक अर्थ नीट कळण्यासाठी त्या खेळाडूकडे जरा लक्षपूर्वक पाहायला हवे. त्याला ताकद फारशी लावावी लागत नाही. तो डावीकडे कलला की उजवीकडे सावरतो, पण ते सावरणे रेसभर जास्त झाले तर उजवीकडे पडण्याची भीती असते, म्हणून त्याचे शरीर क्षणभरही खऱ्या अर्थाने स्थिर नसते. हातातली लांब आडवी काठी त्याचे कलणे मंदावते आणि सावरायला थोडा अवधी मिळवून देते. काठीची टोके खाली झुकलेली असतील, तर गुरुत्वमध्यही खाली येतो आणि तोल राखणे आणखी सोपे होते. म्हणजे या खेळाचा गाभा कष्ट हा नसून, दोन्ही बाजूंना असलेला धोका आणि त्यांच्यामधली अखंड दुरुस्ती हा आहे.

म्हणून परस्परविरोधी अशा दोन गरजा एकाच माणसाला एकाच वेळी सांभाळाव्या लागतात आणि एकीला दिलेले झुकते माप दुसरीच्या मुळावर येते, तिथेच हा वाक्प्रचार शोभतो. नोकरी करून आजारी सासऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या सुनेची तारेवरची कसरत होते, कारण रुग्णालयात घालवलेला प्रत्येक तास कचेरीतून उणा होतो. घटकपक्षांच्या आधारावर टिकलेल्या सरकारच्या प्रमुखाचीही तीच गत असते. वर्तमानपत्रांत मात्र ‘हंडाभर पाण्यासाठी महिलांची तारेवरची कसरत’ असे मथळे वारंवार दिसतात. त्या बायकांचे हाल खरेच आहेत, पण ती पायपीट आहे, वणवण आहे. इतके नेमके शब्द हाताशी असताना या वाक्प्रचाराला ‘पुष्कळ त्रास’ एवढ्याच अर्थावर आणून ठेवणे मला भाषेचे नुकसान वाटते.

आणखी एक बारकावा वर्गात अवश्य सांगावा. सर्कशीतला खेळाडू ही कसरत ‘करतो’, कारण ती त्याने स्वतः निवडलेली कला असते. आपल्या बोलण्यात मात्र ती बहुधा ‘करावी लागते’. लाक्षणिक अर्थात शिरलेली ही सक्ती त्या क्रियापदातच दिसते.

आपल्या विद्यार्थिनीला मी अर्धे गुण देईन आणि वाक्य पुन्हा लिहायला सांगेन. पाचशे लाडू वळणे हे कष्टाचे काम खरे. पण चुलीवर पाक कडक होत चालला आहे, पाळण्यातले नातवंड रडत उठले आहे आणि घरात दुसरे कोणी नाही, असे तिने लिहिले, तर आजी तारेवर उभी राहील.